साठ वर्षांपूर्वीचे निवेदन: महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
सर्व सन्माननीय सदस्य,
विधानसभा व विधान परिषद,
महाराष्ट्र विधिमंडळ, मुंबई.

विषय: धर्माच्या नावाने चालणारे राजकारण आणि धर्माच्या आत एकटे पडलेल्या माणसाचे संरक्षण

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आल्या होत्या. आपले विधिमंडळ तेव्हा नरिमन पॉइंटला नव्हते; ते रिगल सिनेमाजवळच्या जुन्या इमारतीत भरत असे. तोंडी तलाक बंद व्हावा आणि बहुपत्नीत्वाला कायद्याने आळा बसावा, असे निवेदन त्यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना दिले. चिपळूणजवळच्या मिरजोळी गावचे हमीद दलवाई यांनी हा मोर्चा काढला, तेव्हा त्यांचे वय 33 होते. 18 एप्रिल 2026 रोजी त्या निवेदनाला साठ वर्षे पूर्ण होतात. त्यातली एक मागणी 51 वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात मान्य झाली, दुसरी अजून तशीच आहे. ते निवेदन ज्या सभागृहाच्या दारात दिले गेले, त्या सभागृहाने त्याला आजवर स्वतःचे असे उत्तर दिलेले नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

मी कोकणातली मुस्लिम स्त्री आहे, मराठी शाळेत शिकले आणि गेली 28 वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली करते. माझ्याकडे येणारी बहुतेक कामे पोटगीची, मेहरची (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायच्या ठरलेल्या रकमेची) आणि मुलांच्या ताब्याची असतात. धर्माचा समाजावर आणि राजकारणावर काय परिणाम होतो, यावर मोठमोठी व्याख्याने होतात. मला तो परिणाम माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसलेला दिसतो, आणि म्हणून त्याविषयी मी आपल्याशी बोलू इच्छिते.

इस्लामविषयी सध्या जी चर्चा चालते, तिची दोन टोके आहेत. एका टोकाला आमचे काही धर्मगुरू आणि त्यांच्या संघटना आहेत, ज्या म्हणतात की शरियत ईश्वरी आहे आणि तिला हात लावण्याचा अधिकार कोणत्याही विधिमंडळाला नाही. दुसऱ्या टोकाला आमच्याकडे संशयाने पाहणारे लोक आहेत, जे म्हणतात की इस्लाम मुळातच बदलणारा धर्म नाही, त्याची राजकारणापासून फारकत होऊच शकत नाही, आणि म्हणून मुसलमान आधुनिक राष्ट्राचा नागरिक होऊ शकत नाही. ही दोन्ही माणसे एकमेकांची शत्रू म्हणवून घेतात. परंतु इस्लाम बदलत नाही, या एका विधानावर दोघांचेही पूर्ण एकमत आहे, आणि ते विधान इतिहासाला धरून नाही.

तुर्कस्तानने 1926 साली स्विस नागरी संहितेवर आधारलेला कायदा स्वीकारला आणि बहुपत्नीत्व संपवले. ट्युनिशियाने 1956 साली तेच केले, आणि तेव्हाचे नेते हबीब बुर्गिबा यांनी त्यासाठी आधार घेतला तो कुराणाचाच: सूरह निसा या अध्यायामध्ये एकीकडे चार विवाहांची मुभा देताना बायकांमध्ये समान न्याय करण्याची अट आहे आणि त्याच सूरहमध्ये पुढे असेही म्हटले आहे की कितीही इच्छा असली तरी तुम्हाला तसा न्याय करता येणार नाही. जी अट पुरी होणे शक्य नाही, ती मुभाच काढून घेते, असा त्या युक्तिवादाचा गाभा होता. इस्लामच्या नावाने जन्मलेल्या पाकिस्ताननेही 1961 साली अध्यादेश काढून तलाकची लेखी सूचना देणे आणि दुसऱ्या विवाहासाठी लवाद परिषदेची परवानगी घेणे बंधनकारक केले. मी हे देश आदर्श म्हणून सांगत नाही. त्यांपैकी काहींच्या राज्यकर्त्यांनी सुधारणा वरून लादल्या आणि विरोधकांना तुरुंगात टाकले, हेही मला ठाऊक आहे. सांगायचे इतकेच की ज्या गोष्टी मुस्लिम बहुसंख्येच्या देशांनी इस्लामच्या चौकटीत राहून किंवा तिच्याबाहेर जाऊन बदलल्या, त्या भारतात बदलता येत नाहीत याचे कारण धर्मात शोधून सापडणार नाही. ते आपल्या राजकारणात आहे.

आपले राजकारण एक प्रश्न वारंवार चुकीच्या पद्धतीने सोडवत आले आहे. समाजाच्या वतीने कोण बोलणार, हा तो प्रश्न आहे. शासनाला ज्या वेळी मुसलमानांशी बोलायचे असते, त्या वेळी ते मशिदीच्या विश्वस्तांना, मौलानांना आणि मते मिळवून देऊ शकणाऱ्या पुढाऱ्यांना बोलावते. 1966 मध्ये सात स्त्रिया होत्या. सात मतांची राजकारणात काही किंमत नसते. 1970 साली, 22 मार्च रोजी, पुण्यात दलवाईंच्या पुढाकाराने मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. त्याच्या नावात महात्मा फुले यांच्या 1873 सालच्या सत्यशोधक समाजाचा वारसा मुद्दाम घेतला होता, म्हणजे ही चळवळ अरबस्तानातून किंवा युरोपातून आलेली नव्हती, ती याच मातीतली होती. 1972 च्या डिसेंबरात मुंबईत मोठे अधिवेशन भरवून व्यक्तिगत कायद्यात कोणताही हस्तक्षेप नको असे ठरवले गेले आणि 1973 साली त्यातून मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड उभे राहिले. तेव्हापासून दिल्लीतल्या प्रत्येक सरकारने बोर्डाला मुसलमानांचा आवाज मानले, कोणी त्याची मनधरणी करण्यासाठी, कोणी त्याच्याशी भांडण्यासाठी. मंडळाला मात्र आमच्याच गल्ल्यांमध्ये धर्मद्रोही ठरवले जात राहिले आणि शासनदरबारी ते अल्पमताचे म्हणून बाजूला ठेवले गेले.

शाहबानो प्रकरणात हे फार ठळकपणे दिसले. इंदूरच्या या बाईंना 43 वर्षांच्या संसारानंतर वकील नवऱ्याने घराबाहेर काढले होते. कनिष्ठ न्यायालयाने दरमहा 25 रुपये पोटगी दिली, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती 179 रुपये 20 पैसे केली, आणि 23 एप्रिल 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या घटनापीठाचे नेतृत्व करणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड हे पुण्याचे होते. रक्कम पाहा, सदस्यहो: 179 रुपये 20 पैसे! एवढ्या रकमेसाठी देशभर मोर्चे निघाले, 1986 साली संसदेने निकाल निष्प्रभ करणारा कायदा केला, आणि तो कायदा येण्याच्या आधीच, त्याच वर्षीच्या 1 फेब्रुवारीला, अयोध्येतल्या वास्तूचे कुलूप उघडले गेले होते. एका समाजाच्या धर्मगुरूंना एक गोष्ट दिली गेली, दुसऱ्या समाजाच्या धर्मकारण्यांना दुसरी दिली गेली. मधल्या काळात त्या वृद्ध स्त्रीवर इतका दबाव आला की आपल्या बाजूने लागलेला निकाल तिने जाहीरपणे नाकारला. तिने तो स्वतःच्या इच्छेने नाकारला असे ज्यांना वाटते, त्यांनी माझ्या कार्यालयात एक दिवस बसावे.

त्याच 1985 सालच्या अखेरीस सत्यशोधक मंडळाने कोल्हापूर ते नागपूर असा तलाक मुक्ती मोर्चा काढला होता. वाटेत त्यांना कडवा विरोध झाला. त्या जथ्यातल्या स्त्रिया कोणा पक्षाच्या नव्हत्या, त्यांच्यामागे कोणी सत्ताधारी नव्हते आणि त्यांच्या हातात आपल्या अनुभवाशिवाय काही नव्हते.

आता 2017 आणि 2019 कडे येते, कारण आपल्यापैकी अनेकांना वाटते की तिथे हा विषय संपला. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एकाच दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. त्याचे मी मनापासून स्वागत केले. 2019 च्या कायद्याने असा तलाक देणाऱ्या पतीला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली, आणि तिथे माझे मन साशंक झाले. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या कहाण्या बदलल्या, पण संपल्या नाहीत. आता नवरा तलाक हा शब्द उच्चारतच नाही. तो बायकोला माहेरी पाठवतो, फोन उचलत नाही, दुसरा निकाह करतो, आणि पहिलीला ना नांदवतो ना सोडतो. दुसरा निकाह आजही कायदेशीर असल्यामुळे त्याला कोणाची भीती वाटत नाही. ज्या नवऱ्याकडून पोटगी मिळवायची, त्यालाच तुरुंगात पाठवणारी तक्रार करायला बाई कचरते, कारण तो तुरुंगात गेल्यावर मुलांची फी कोण भरणार, हा तिचा प्रश्न असतो. 2024 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुस्लिम घटस्फोटितेलाही सर्वसामान्य फौजदारी कायद्यातील पोटगीचे कलम लागू आहे, असे पुन्हा स्पष्ट केले; या निकालाचा आम्हाला जितका उपयोग झाला, तितका त्या तीन वर्षांच्या शिक्षेचा झालेला नाही. ज्या कायद्याने बाईच्या हातात पैसे, घर आणि मुले येतात तो कायदा आम्हाला हवा आहे. ज्या कायद्यामुळे टीव्हीवर एका समाजाच्या पुरुषांची गुन्हेगार म्हणून प्रतिमा उभी राहते आणि बाईची स्थिती मात्र होती तशीच राहते, त्याला सुधारणा म्हणणे मला जड जाते.

विवाह, घटस्फोट, वारसा हे विषय केंद्राचे आहेत, राज्य त्यात काय करणार, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. तसे नाही. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील पाचवी नोंद हे सर्व विषय राज्यांच्याही कक्षेत ठेवते. आणि हे आपल्याच विधिमंडळाच्या पूर्वसूरींनी वापरून दाखवले आहे. स्वातंत्र्याच्या आधी, 1946 साली, मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने हिंदूंमधील द्विभार्या विवाहाला बंदी केली. त्या कायद्याखालचा एक खटला उच्च न्यायालयात गेला तेव्हा प्रश्न असा आला की बंदी फक्त हिंदूंनाच का, मुसलमानांना का नाही. 1951 च्या त्या निकालात कायदा वैध ठरवणाऱ्या न्यायाधीशांपैकी मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला होते आणि त्यांच्याबरोबर साताऱ्याचे गजेंद्रगडकर होते. सुधारणा टप्प्याटप्प्याने करण्याची राज्याला मुभा आहे, असे न्यायालयाने म्हटले. टप्प्याटप्प्याने, हा शब्द मी मुद्दाम अधोरेखित करते: पहिला टप्पा 1946 चा होता, आणि दुसरा टप्पा आजवर आलेला नाही. हिंदू कायद्याच्या सुधारणेलाही धर्म बुडाला म्हणूनच विरोध झाला होता. त्या विरोधापुढे सरकार कचरले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या काळात सनातनी मंडळींनी जे शब्द वापरले आणि नंतर आमच्या मौलानांनी जे वापरले, ते शेजारी ठेवले तर कोणते कोणाचे हे सांगणे कठीण जाईल.

याच विधिमंडळाचा दुसरा एक कायदा मला आपल्याला आठवून द्यायचा आहे, कारण माझ्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा होता आणि तोच सर्वांत विसरला गेला आहे. 1949 साली मुंबई राज्याने धर्मबहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा केला. धर्मातून किंवा जातीतून कोणाला बाहेर काढून त्याचे सामाजिक हक्क हिरावून घेता येणार नाहीत, असा त्याचा अर्थ होता, आणि तो सर्व धर्मांना सारखाच लागू होता. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मप्रमुख सय्यदना यांनी त्याला आव्हान दिले, आणि 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला. बहिष्कार हा त्या पंथाच्या धार्मिक व्यवहाराचाच भाग आहे असे बहुमताला वाटले. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत एकट्याचे आणि वेगळे होते. माणसाला वाळीत टाकून त्याची मानवी प्रतिष्ठा हिरावून घेण्याची प्रथा थांबवणे हा राज्याचा अधिकार आहे, असे त्यांनी मानले. त्यानंतरची अनेक दशके डॉ. असगर अली इंजिनियर आणि इतर बोहरा सुधारकांनी बहिष्काराची किंमत आपल्या अंगावर मोजली. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निकाल फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे सोपवला आहे.

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. रायगड आणि रत्नागिरीच्या गावांमध्ये गावकीने आणि जातपंचायतींनी किती कुटुंबांना वाळीत टाकले, याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत होत्या, आणि त्यातूनच एप्रिल 2016 मध्ये आपण सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. त्याच्या व्याख्येत जात-पोटजातीबरोबर धर्म आणि पंथही येतात, म्हणजे आमच्या जमातीही येतात. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे.

माझ्या एका अशिलाची हकीकत सांगते. तिचे, गावाचे आणि जमातीचे नाव मी घेत नाही. नवऱ्याने दुसरा निकाह केल्यावर तिने न्यायालयात पोटगी मागितली. मोहल्ल्यातल्या काही कर्त्या माणसांनी तिच्या वडिलांना बोलावून सांगितले की अर्ज मागे घ्या आणि जमातीसमोर फैसला करा. वडिलांनी नकार दिला. त्यानंतर त्यांच्या घरी लग्नाची आमंत्रणे येणे बंद झाले, दुकानदार उधारी देईनासा झाला, आणि वर्षभराने वडील वारले तेव्हा जनाजाला खांदा द्यायला बाहेरगावचे नातेवाईक बोलवावे लागले. आम्ही 2016 च्या कायद्याखाली तक्रार घेऊन गेलो, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने हा तुमचा धार्मिक मामला आहे, आपसात मिटवा, असे सांगून आम्हाला परत पाठवले. त्याच महिन्यात माझ्याकडे दुसऱ्या गावातले एक हिंदू कुटुंब आले होते; पालखीच्या मानावरून गावकीने त्यांना वाळीत टाकले होते आणि त्यांनाही जवळजवळ हेच उत्तर मिळाले होते. त्या दोन्ही फायली माझ्या कपाटात शेजारी शेजारी आहेत.

म्हणून मला वाटते की धर्माचा राजकारणावरील प्रभाव ही गोष्ट आपण चुकीच्या जागी मोजतो. पक्षाच्या व्यासपीठावर कोणत्या रंगाचा फेटा आहे किंवा इफ्तारला कोण गेले, यावर आपण वाद घालतो. धर्माची खरी सत्ता जिथे चालते ती जागा म्हणजे एखादा माणूस आपल्या समाजाच्या पुढाऱ्याला नाही म्हणतो तो क्षण. त्या क्षणी राज्य त्याच्या पाठीशी उभे राहते का? दलवाई 3 मे 1977 रोजी गेले. आपल्यावर धार्मिक विधी न करता दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती; ती पाळली गेली आणि त्याबद्दल अनेकांनी त्यांना मृत्यूनंतरही क्षमा केली नाही. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर मारले गेले, आणि वर्षानुवर्षे रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा आपण त्यांच्या हत्येनंतर केला. तो कायदा ते जिवंत असताना होऊ शकत होता.

यात आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे, आणि ती मी मुस्लिम म्हणून बोलते. भयभीत समाजात सुधारणा होत नाही. 1992-93 च्या मुंबईच्या दंगलींत, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार, 900 माणसे मेली; त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू होते. त्या आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, हे आपण जाणता. ज्या घरातला मुलगा दंगलीत गेला आणि न्याय मिळाला नाही, त्या घरातल्या बाईला जेव्हा मी सांगते की तुझ्या हक्कासाठी कोर्टात चल, तेव्हा ती विचारते की आपलीच माणसे आपण कोर्टात कशी खेचायची. आमचे धर्मगुरू त्या भीतीवर जगतात, आणि बाहेरून प्रत्येक प्रक्षोभक भाषण त्यांच्या सत्तेत भर घालते. आपल्यापैकी जे सदस्य आमच्या सुधारणेची भाषा करतात आणि त्याच आठवड्यात आमच्या वस्त्यांविरुद्ध सभा घेतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत. डिसेंबर 2022 मध्ये राज्याने आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करण्यासाठी समिती नेमली, 2025 मध्ये अशा विवाहांच्या संदर्भातील कायद्याचा अभ्यास करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती नेमली. सज्ञान मुलीने कोणाशी लग्न करावे, याची चौकशी आमची जमात करते तेव्हा मी तिच्याविरुद्ध लढते. तेच काम शासन करू लागले तर मी कोणाकडे जाऊ?

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान यांना लागू आहे. तिथे विवाहाची नोंद होते, पती-पत्नीचा संपत्तीत अर्धा-अर्धा हक्क धरला जातो, आणि मालमत्तेचा निम्मा भाग मुलांसाठी राखून ठेवावा लागतो. तो कायदाही निर्दोष नाही. हिंदू पुरुषाला काही परिस्थितीत दुसऱ्या विवाहाची जुनी सवलत त्यातही राहून गेली होती. परंतु गोव्यातले मुसलमान नमाज पढायचे थांबले नाहीत आणि तिथला इस्लाम संपला नाही.

मला आपल्याकडून काय हवे, तेही सांगते. समवर्ती सूचीतील अधिकार वापरून महाराष्ट्राने सर्व धर्मांतील बहुपत्नीत्वाला, आणि मैत्री-कराराच्या (विवाहित पुरुषाने दुसऱ्या स्त्रीबरोबर राहण्यासाठी केलेल्या लेखी कराराच्या) किंवा लपवलेल्या दुसऱ्या लग्नाच्या पळवाटांनाही, दिवाणी परिणाम जोडणारा कायदा करावा: पहिल्या पत्नीला राहते घर, मुलांचा खर्च आणि मालमत्तेतील ठरावीक वाटा, तोही तुरुंगवासाच्या आधी. मसुदा लिहिण्यापूर्वी जिल्हावार सुनावण्या घ्याव्यात, ज्यांत मुस्लिम स्त्रियांना बंद दाराआड, मोहल्ल्यातल्या पुरुषांच्या गैरहजेरीत बोलता येईल. 2016 च्या बहिष्कारविरोधी कायद्याखाली किती तक्रारी आल्या, किती नोंदवल्या गेल्या आणि किती परत पाठवल्या गेल्या, याचा जिल्हावार तक्ता गृहखात्याने सभागृहापुढे ठेवावा. विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांच्या जाहीर नोटिशीमुळे घरून पळून आलेल्या मुलामुलींचा पत्ता शोधणे सोपे होते. ती अट राज्यापुरती शिथिल करण्याचा विचार व्हावा. आणि 1966 चे ते निवेदन सभागृहाच्या पटलावर ठेवून, त्यातील प्रत्येक मागणीवर शासनाचे आजचे म्हणणे काय, हे लेखी सांगितले जावे.

मिरजोळी माझ्या माहेरापासून फार लांब नाही. ज्या अशिलाची हकीकत वर सांगितली, तिचा पोटगीचा अर्ज अजून प्रलंबित आहे. पुढची तारीख जूनमध्ये आहे आणि तिच्या धाकट्या मुलीची शाळा त्याच महिन्यात सुरू होते.

आपली विश्वासू,
एक वकील,
रत्नागिरी जिल्हा